थांबणं म्हणजे होकार

शैलावहिनींचं पत्र आलं तेव्हा बाजारात हापूस नुकता दिसायला लागला होता. आता गौरी-गणपती होऊन गेले तरी शशिकांतराव कुलथ्यांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं.

पत्र हरवलं नव्हतं. ते जेवणाच्या टेबलावर, औषधांच्या डब्याला टेकून उभं होतं आणि शशिकांतराव सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेताना ते पाहत होते. संगमनेरात टपाल आता आठवड्यातून दोनदाच येई, आणि त्यातही हातानं लिहिलेलं काही नसे. वहिनींनी कागद का निवडला ते पहिल्याच ओळीत होतं. ‘शशिकांतभावजी, उत्तरही कागदावरच पाठवा. पडद्यावर आलं तर ते तुम्ही लिहिलं की तुमच्या मनगटावरच्या पट्ट्यानं, हे मला कळायचं नाही.’

पुढचा मजकूर साधा होता. त्यांचे यजमान उत्तम रणपिसे, म्हणजे शशिकांतरावांचे पाटबंधाऱ्याच्या कचेरीतले जन्माचे सोबती, माघात पक्षाघातानं पडले. हातपाय बरेचसे सावरले, वाचा गेली. काय म्हणायचं ते कळतं असं वाटतं, पण शब्द सापडत नाही. मग बार्शीच्या दवाखान्यात त्यांच्याही मनगटाला तसाच पट्टा बांधला आणि त्यांची जुनी खुणांची फाइल त्यांच्या फोनला आणि एका छोट्या स्पीकरला जोडून दिली. आवाज त्यांचाच, जुन्या ध्वनिफितींतून उचललेला. तेव्हापासून उत्तम पुन्हा बोलतात. चहा मागतात, पाहुण्यांना बसा म्हणतात. आणि एका संध्याकाळी वहिनी वाळलेले कपडे घडी करत असताना ते म्हणाले, ‘शैला, तुझा घरात वावरण्याचा आवाज येत राहिला, म्हणून मी आयुष्यभर निर्धास्त बसू शकलो.’

‘भावजी, हे कधी घरात बसले होते?’ वहिनींनी लिहिलं होतं. ‘पण ऐकून मी रडले. डॉक्टर म्हणतात, दोन रस्ते आहेत. पट्टा ठेवला तर असं बोलणं चालू राहील. काढला तर बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचं, शब्द शब्द पुन्हा शोधायचा. फार थोडे येतील, कदाचित येणारही नाहीत. पण जे काय व्हायचं ते पहिल्या वर्षात, आणि जितकं लवकर तितकं बरं. ती फाइल तुम्ही करून दिलेली, असं हे सांगायचे. म्हणून विचारते. बोलतात ते हेच बोलतात ना? तुम्ही हो म्हणालात तर पट्टा ठेवते. नाही म्हणालात तर काढते.’

पहिल्यांदा वाचताना शशिकांतराव वाट पाहत राहिले होते, की आता आत काहीतरी हलेल. काही हललं नाही. त्यांनी पत्र घडीवर घडी घालून पाकिटात ठेवलं आणि गोळी घेतली.

ती फाइल म्हणजे फार मोठं काही नव्हतं. कचेरीत संगणक आले तेव्हा शशिकांतरावांच्या लक्षात आलं, की आपल्या आयुष्याचा बराच भाग ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ एवढंच टाइप करण्यात चाललाय. एका मासिकातला लेख वाचून त्यांनी स्वतःच एक छोटी स्क्रिप्ट लिहायला शिकून घेतली. ती मागच्या मागे चालू राहायची आणि कळफलकावर नजर ठेवायची. फाइलीतल्या एकेका ओळीत डावीकडे खूण, उजवीकडे पूर्ण मजकूर. ‘;उवि’ एवढं टाइप करून स्पेस दाबली की स्क्रिप्ट ती अक्षरं खोडायची आणि त्या जागी अख्खं वाक्य आणून ठेवायची. खुणेच्या आधी अर्धविराम हवाच, नाहीतर साध्या शब्दाच्या मधोमध वाक्य उगवायचं. एकदा साहेबांच्या रजेच्या अर्जात ‘कालव्यावरील अतिक्रमण तत्काळ हटवावे’ असं उगवलं होतं. साहेब पाच मिनिटं कागद उलटसुलट बघत होते. उत्तमनं ती गोष्ट महिनाभर साऱ्या कचेरीला करून दाखवली.

उत्तम बोलका माणूस. पाटाच्या कडेला उभं राहून गावकऱ्यांशी भांडायचा, दर वाक्यात एक शिवी घालायचा, आणि ज्याला घातली तोच हसायला लागायचा. लिहायची वेळ आली की मात्र त्याचं पेन कोरडं पडे. निवृत्तीच्या दिवशी तो म्हणाला होता, “शशा, तुझी फाइल दे मला. पोरीच्या सासरी चार ओळी लिहायच्या म्हटलं तरी मला घाम फुटतो. तुझ्या पोटात शब्द, माझ्या तोंडात. जोडी फोडतायत साले.”

शशिकांतरावांनी फाइल दिली. कचेरीत जन्मभर जसं केलं तसंच केलं. जुना मसुदा घ्यायचा, नावं बदलायची, जावक क्रमांक टाकायचा. ‘प्रतिभा’च्या जागी ‘शैला’, ‘संगमनेर’च्या जागी ‘बार्शी’, एका फटक्यात सगळीकडे. फाइलीच्या तळाशी काही घरगुती ओळी होत्या. त्या काढायच्या राहून गेल्या, की निदान कुणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून ठेवल्या, हे त्यांना स्वतःला कधी नीट ठरवता आलं नाही.

नंतर शशिकांतरावांचे हात थरथरायला लागले. पट्टा आधी त्यांना मिळाला होता, उत्तमला नंतर. बोट हलण्याआधी स्नायूत विजेची एक बारीक लहर उठते. पट्टा ती ऐकतो आणि कोणती कळ दाबायची होती ते ओळखतो. पण थरथरणाऱ्या हातात सगळ्या लहरी एकमेकींत मिसळून येतात. म्हणून नवी स्क्रिप्ट पूर्ण खुणेसाठी खोळंबत नाही. पत्र कुणाला चाललंय, वेळ कोणती आहे, मागच्या वेळी या माणसाला काय लिहिलं होतं, हे पाहून ती वाक्य पुढं करते. सुरुवातीला ते स्पेस दाबून मान्य करावं लागे. स्पेसही धड दाबता येईना, तेव्हा शशिकांतरावांनीच सेटिंग बदललं. वाक्य पडद्यावर आलं, हात उचलला नाही, की ते मान्य. थांबणं म्हणजे होकार.

सोयीचं होतं. हैदराबादच्या केतकीला, त्यांच्या मुलीला, पत्रं वेळेवर जाऊ लागली. उत्तमलाही जाऊ लागली. फोनवर बोलणं त्यांना पहिल्यापासून जड जायचं, त्यामुळे लिहिण्यावरच सगळं चालायचं. माघानंतर उत्तमचे निरोप येतच राहिले होते. ‘प्रकृतीस जपावे. इकडील सर्व क्षेम.’ हा अलीकडे शिव्या देत नाही, वय झालं, असं शशिकांतरावांनी मनात म्हटलं होतं. वहिनींचं पत्र वाचल्यावर त्यांना कळलं, की इतके दिवस दोन पट्टे एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत होते.

“अहो, बार्शीचं पत्र अजून तिथंच आहे.”

प्रतिभाबाई वालपापडी निवडत बसल्या होत्या. शशिकांतराव खिडकीपाशी.

“हं.”

“हं काय? ती बाई वाट बघत असेल.”

“काय लिहावं ते कळत नाही.”

“तुम्हाला? माझ्या भिशीतल्या बायकांच्या नातवंडांच्या वाढदिवसाचीसुद्धा आभारपत्रं लिहून देता तुम्ही.”

“ती फाइल लिहिते.”

“मग ह्याचंही तिलाच लिहू दे की.”

तेही करून पाहिलं होतं. पडद्यावर ‘शैलावहिनी’ एवढं उमटताच स्क्रिप्टनं पुढचं पुरवलं होतं, ‘उत्तम बोलतो ते त्याच्या मनातलंच आहे. तुम्ही शंका घेऊ नका, पट्टा असू द्या.’ वाक्य मऊ होतं, नेमकं होतं. शशिकांतरावांनी हात उचलला खरा, पण उचलायला जरा उशीर होत होता हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून त्यांनी ते पान उघडलं नव्हतं.

“त्याच्या तोंडची वाक्यं माझी आहेत, प्रतिभा.”

“सगळी?”

“जवळजवळ.”

प्रतिभाबाईंनी एक शेंग मोडली, किडकी निघाली, बाजूला टाकली. “मग काय झालं? लग्नात गुरुजी जे म्हणाले ते तरी कुठं तुमचं होतं? संस्कृतात होतं. तुम्ही नुसतं नातिचरामि म्हणालात, तेही त्यांनी कोपर मारल्यावर. मी धरलंच ना खरं?”

“मी तेव्हा शुद्धीवर होतो.”

“ते तुम्ही सांगताय.”

दोघंही थोडं हसले. मग त्या म्हणाल्या, “उत्तमभावजींना कळतंय का, आपण काय निवडतोय ते? मुद्दा तेवढाच आहे.”

“तेच मला माहीत नाही.”

“मग विचारा कुणाला तरी. नसीम आहे ना तुमची.”

नसीम बागवान हातांच्या व्यायामाचं केंद्र चालवायची. शशिकांतरावांचा पट्टा तिनंच बसवून दिला होता आणि दर पंधरवड्याला ती तो तपासायची. पन्नाशीची, मोठ्या आवाजाची बाई. शशिकांतरावांनी विचारलं ते तिनं ऐकून घेतलं आणि समजावत बसण्याऐवजी म्हणाली, “हात टेबलावर ठेवा काका. पडदा मी माझ्याकडे वळवते. मुलीचं पान उघडलंय. आता काही लिहायचं नाही. मनातसुद्धा नाही.”

“मनात कसं थांबवू?”

“पाढे म्हणा. एकोणतीसचा म्हणा, म्हणजे दुसरं काही सुचायचं नाही.”

शशिकांतराव पाढा म्हणू लागले. हात टेबलावर पडून आपला आपण थरथरत होता. पाढा मध्ये एकदा चुकला, त्यांनी मागं जाऊन पुन्हा धरला. तो संपल्यावर नसीमनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

‘प्रिय केतकी, इकडे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याला उतार आहे. तू कामाचा फार ताण घेऊ नकोस. तुझी आठवण येते, पण ती त्रास देत नाही, सोबत करते. – बाबा.’

शशिकांतरावांनी ते जुन्या मसुदेकाराच्या नजरेनं वाचलं. त्यांना एकही दुरुस्ती सुचली नाही.

“काका, हात उचला. नाहीतर जाईल ते.”

त्यांनी हाताकडे पाहिलं. तो तिथंच होता.

“काका!”

“चांगलं आहे की,” ते म्हणाले.

पत्र गेलं. लगेच केतकीचं उत्तर आलं, ‘बाबा, किती सुंदर लिहिता तुम्ही! वाचून दिवस चांगला गेला.’ हे तिनं लिहिलं असेल का, असा विचार त्यांच्या मनात आला आणि निघूनही गेला. सकाळचे दहा वाजले होते.

नसीमनं पडदा परत आपल्याकडे वळवला. “हाताकडून थोडं येतं, बाकीचं सवयीकडून,” ती म्हणाली. “तुमची सवय तुमचीच आहे, म्हणून चालून जातं.”

“आणि ज्याचे शब्दच गेलेत त्याचं?”

“त्याच्या हाताकडून आणखी कमी येत असणार. म्हणजे अजिबात नाही असं मी नाही म्हणणार. बायको जवळ आहे, बरं वाटतंय, इतपत येत असेल. वाक्य सवयीचं.”

“त्याची नाही ती सवय.”

“मग कुणाची?”

नसीमनं पट्ट्याचं बक्कल पुसलं. “मी एक सांगू? पट्टा बोलतोय तोवर डोकं कशाला कष्ट घेईल? शब्द शोधायला भाग पाडावं लागतं माणसाला. चिडतात, रडतात, वस्तू फेकतात. पण येतात कधी कधी. आणि आधी काय येतं माहितेय? आकडे, देवाची नावं आणि शिव्या. तोंडात बसलेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात म्हणतात. माझ्याकडे एक आजोबा होते, रोज पोथी वाचणारे. त्यांचा पहिला शब्द काय निघाला ते मी तुम्हाला सांगणार नाही. सूनबाई ओढणी तोंडात घालून बाहेर पळाली.”

शशिकांतराव उठले. फाइलीत शिव्या नव्हत्या. उत्तमला ती देण्याआधी दोन-चार तरी घालाव्यात असं तेव्हा गमतीनं मनात आलं होतं, पण टाइप करायची लाज वाटली होती.

घरी येऊन त्यांनी प्रतिभाबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत ऐकत कुकरची शिटी काढून ठेवत होत्या.

“म्हणजे तुमचं उत्तर ‘नाही’ आहे.”

“हो.”

“ते कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून बहुतेक.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.” त्या वळल्या. “अहो, तुम्ही उत्तर दिलं नाहीत म्हणजे शैलाताईंनी काय धरलं असेल? हो धरलं असेल. ठेवला असेल पट्टा. गेले ना एवढे महिने त्यात.”

शशिकांतरावांनी मान हलवली. हे त्यांनाही रस्त्यात सुचलं होतं. एका माणसाचे शब्द परत यायचे दिवस आपण औषधांच्या डब्याला टेकवून ठेवले. हे वाक्यही चांगलं झालं, असं त्यांना वाटलं, आणि आपल्याला असं वाटतं याचंसुद्धा काही वाटलं नाही.

त्यांनी पट्टा काढून ठेवला आणि कागद घेतला. ‘शै’ कागदभर पसरला. दुसरा कागद घेतला. त्यावर तेवढंही जमलं नाही.

“द्या इकडे,” प्रतिभाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. “तुम्ही सांगा, मी लिहिते.”

“मी सांगेन तेच लिहायचं.”

“मग काय माझं घालणार आहे मी?” त्यांनी चष्मा लावला आणि न विचारताच वर ‘सा. न. वि. वि.’ लिहिलं.

“ते नको.”

“का? शिष्टाचार आहे.”

“तीसुद्धा खूणच आहे.”

त्यांनी ते खोडलं. “मग सुरुवात कशी करू?”

कधी नव्हे ते शशिकांतरावांकडे पुढचं वाक्य कुठूनच येत नव्हतं.

“लिही. ‘वहिनी, नाही.’”

“असं एकदम?”

“त्यांनी तेच विचारलंय.”

प्रतिभाबाईंनी लिहिलं. त्यांचं अक्षर गोल, वाणसामानाच्या यादीत असायचं तसं. शशिकांतराव एकेक वाक्य सांगत गेले. फाइल माझी आहे, नावं बदलून दिलेली आहे. उत्तमच्या हाताकडून काही येतं का, तर येत असेल, पण शब्द येत नाहीत. तो तुमच्याजवळ बसलेला असतो तेव्हा त्याला बरं वाटत असेल, तेवढं खरं माना. पट्टा काढा. मी उत्तर द्यायला उशीर केला. तो उशीर माझा होता, पण गेला उत्तमच्या वाट्यातून.

“पुढे?”

“‘तुम्ही लिहिलेलं ते संध्याकाळचं वाक्यही त्याचं नाही. ते माझं आहे.’”

“झालं. पुढे?”

शशिकांतरावांनी टेबलाच्या कडेला हात दाबून धरला. “‘ते मी प्रतिभासाठी लिहिलं होतं. तिचं ऑपरेशन झालं त्या दिवसांत. फाइलीत ठेवलं. वापरलं कधीच नाही.’”

पेन थांबलं. प्रतिभाबाईंनी औषधांच्या डब्याशी उभं असलेलं पाकीट ओढलं, वहिनींचं पत्र उघडलं आणि बोटानं ओळी खाली सरकवत ते वाक्य शोधलं. ओठ न हलवता वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“हे?”

“हो.”

“मला दाखवायचं तरी.”

“तू घरातच होतीस.”

“हो,” त्या म्हणाल्या. “घरातच होते.”

बाहेर कुणीतरी भंगार मागत गेलं. प्रतिभाबाईंनी चष्मा काढून काच पुसली, परत लावला.

“म्हणजे शैलाताईंची नेसून झाल्यावर साडी मला मिळाली.”

शशिकांतरावांनी काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी आत पाहिलं. तिथं नीटनेटकं, रिकामं होतं.

“‘प्रतिभासाठी’ लिहू की ‘पत्नीसाठी’?”

“नाव लिही.”

त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, तितक्याच गोल अक्षरात, आणि पुढच्या ओळीवर पेन टेकवून थांबल्या. “सांगा.”

“‘बोलायला शिकवणाऱ्या बाईंना सांगा, याच्या तोंडून आधी शिव्या येतील. त्या अडवू नका. त्या त्याच्या स्वतःच्या आहेत.’”

“शिव्या. टपालातून.”

“लिही.”

“लिहितेय. शेवटी? लोभ असावा?”

“काही नको.”

सही मात्र त्यांनी स्वतः केली. ती कुणाचीही वाटली असती. प्रतिभाबाईंनी पाकीट चिकटवलं, पत्ता लिहिला आणि म्हणाल्या, “मीही येते. तुम्ही दारापर्यंत जाऊन परत याल.”

टपाल कचेरीत खिडकी एकच उघडी होती. आतल्या बाईंनी पाकीट हातात घेऊन तोललं.

“कागदपत्रं आहेत का? ओळखपत्र, दाखला?”

“पत्र आहे,” प्रतिभाबाई म्हणाल्या.

“नुसतं पत्र?”

“नुसतं. लवकर पोचेल असं पाठवा.”

बाईंनी वरती चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला. शशिकांतराव काचेजवळ सरकले.

“अजून थांबवता येईल का?”

“कशाला? पत्ता चुकलाय का?”

प्रतिभाबाई नुसत्या शेजारी उभ्या होत्या. शशिकांतरावांनी उलट्या दिसणाऱ्या पाकिटावरचा पत्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“नाही,” ते म्हणाले. “पत्ता बरोबर आहे.”

बाईंनी पाकीट सोलापूरकडच्या पिशवीत टाकलं.